कृष्णाकाठी, करकोच्यांच्या मागे

माहुलीच्या घाटावर टांगा सोडला तेव्हा ऊन नुकतेच पाण्यावर उतरत होते. इथे वेण्णा कृष्णेला येऊन मिळते. रंगपंचमी होऊन गेली होती. पायऱ्यांवर अजून गुलाबी डाग होते आणि एक बाई त्यांवरच धुणे आपटत होती. नदी रोडावली होती. मधे वाळूचे लांबट पट्टे उघडे पडले होते आणि पाणी त्यांच्या दोन्ही अंगांनी सावकाश चालले होते.

टांगेवाल्याने आमची गाठोडी खाली दिली. "बाई, हितनं फुडं कुठं?"

"नदीच्या कडेनं खाली. सांगलीपर्यंत."

"चालत?" त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा माझ्या भावाकडे. "आवं, मोटार हाय की. आगगाडी हाय."

"पाखरं बघायची आहेत."

घोड्याच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "जपून जावा," आणि टांगा वळवला.

माधव माझ्याहून धाकटा. आम्ही मूळचे वाईचे. वडिलांना पाखरांचा नाद होता. त्यांची पितळी दुर्बीण आम्ही दोघे आलटून पालटून डोळ्याला लावायचो आणि घाटावरून खंड्याची झेप पाहायचो. पुढे मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिकवू लागले, लग्न केले नाही, आणि वडील गेल्यावर आईला माझ्याकडे घेऊन आले. माधव पलटणीत औषधांच्या कोठारावर कारकून म्हणून लागला. सिंगापूर पडले तेव्हा तो तिथे होता. मग लढाई संपेपर्यंत जपान्यांच्या कैदेत. हिवाळ्यात तो घरी आला. तब्येत हळूहळू भरत होती, पण तो बोलत नव्हता. विचारले तर हो, नाही, इतकेच. खोलीचे दार लावू द्यायचा नाही. ताटातली अर्धी भाकरी कोटाच्या खिशात जायची आणि ती वाळून खडखडीत झाली तरी टाकू द्यायचा नाही. रात्री तो उठून अंगणात फेऱ्या घालायचा आणि मी अंथरुणात जागी राहून त्या मोजायचे. सकाळी शाळेत फळ्यापुढे उभी राहिले की खडू हातातून गळायचा.

फाल्गुन लागला आणि एका संध्याकाळी तो आपण होऊन म्हणाला, "अक्का, खाली करकोचे असतील का गं अजून? की गेले?"

करकोचा म्हणजे राखी रंगाचा, उंच, सडपातळ मानेचा पक्षी. थंडीत हिमालयापलीकडून थव्याने येतो, हरभऱ्याच्या रानात चरतो, दुपारी नदीच्या वाळूत विसावतो आणि उन्हाळा तापण्याआधी उत्तरेला परत जातो. लहानपणी वडिलांनी आम्हाला भिलवडीच्या खालच्या वाळवंटात त्यांचा मोठा थवा दाखवला होता. माधवने स्वतःहून काही विचारले याचाच मला एवढा आनंद झाला की मी शाळेतून रजा घेतली. आईला ते पटले नाही. "आजारी माणसाला उन्हातान्हात कुठं हिंडवतेस?" ती म्हणाली. तिचे चूक नव्हते. खरे सांगायचे तर मला पाखरे हवी होती त्याहून जास्त त्या घराबाहेर पडायचे होते.

पहिले दोन दिवस आम्ही रमतगमत चाललो. कुठे गाडीवाट, कुठे उसाचा बांध, कुठे नुसतीच गुरांची पायवाट. मळीत (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत) कलिंगडाचे वेल पसरले होते. पाण्याच्या कडेला पिवळे धोबी शेपटी नाचवत फिरत होते. हे पक्षी हिवाळाभर मातकट दिसतात, पण परत जायच्या आधी त्यांच्या अंगावर हळद चढते. काहींची चढून झाली होती, काही अजून अर्धेमुर्धे होते. वाळूच्या टोकावर चक्रवाकाची एक जोडी उभी होती, भाजल्या विटेच्या रंगाची. आमची चाहूल लागताच दोघे ओरडत उठले आणि पुढच्या वळणावर जाऊन बसले. तिथे पोचलो की पुन्हा उठले. असे ते दिवसभर आमच्या पुढे पुढे राहिले.

माधव पाहत होता. एकेका पाखरावर तो इतका वेळ दुर्बीण रोखून बसायचा की माझे पाय आंबून जात. मग तो दुर्बीण माझ्या हाती द्यायचा आणि चालू लागायचा. काय पाहिले ते सांगायचा नाही. माझ्या नव्या वहाणांनी टाच सोलून काढली होती. संध्याकाळी उंब्रजच्या धर्मशाळेत टेकलो तेव्हा पायाला चिंधी बांधताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते टाचेमुळेच आले असेल असे नाही. शेजारच्या घरच्या बाईंनी गरम भाकरी, मिरचीचा खर्डा आणि लोटाभर ताक आणून दिले. "ह्ये तुमचं मालक का?" त्यांनी हळूच विचारले. "भाऊ," मी म्हटले. "आजारी हायेत व्हय? तोंडावरनं दिसतंया," असे म्हणून त्यांनी आणखी एक भाकरी ठेवली.

उंब्रज सोडले आणि पळस लागले. पान एकही नाही, सगळे झाड नुसते पेटल्यासारखे. त्या फुलांत भोरड्यांचे (गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या मैनांचे) थवे शिरले होते आणि एकच कलकलाट चालला होता. मधेच सगळा थवा उठायचा, शेतावरून चादर झटकावी तसा वळायचा आणि पुन्हा झाडावर कोसळायचा. खाली खळ्यात शाळूची मळणी चालली होती. खळ्याच्या कडेला एक म्हातारेबुवा गोफण घेऊन बसले होते. त्यांनी आम्हाला सावलीत बोलावले.

"काय बघता वर?"

"या भोरड्या. आता थोड्या दिवसांत जातील ना? म्हणून बघतोय."

"जात्याल की. जायाच्या आदी निम्मं खळं खाऊन जात्याल." त्यांनी गोफण फिरवून दगड सोडला. थवा उठला, वळला, बसला. "आन् तुमी कशापायी बघता?"

"आवडतात."

"आवडत्यात?" म्हातारेबुवांनी गोफणीत नवा दगड घातला. "मग तुमचं शेत नसंल."

माधवच्या ओठाची कड किंचित हलली. हसू म्हणण्याइतके ते नव्हते, पण मी पाहिले. दोन दिवसांच्या चालण्याचे मला तेवढेच मिळाले होते आणि मी ते पुढच्या चार कोसांना पुरवले.

कऱ्हाडला आम्ही वडिलांच्या एका स्नेह्यांकडे उतरलो. वकील होते, घर संगमाजवळच होते. कोयना आणि कृष्णा इथे समोरासमोर येऊन मिळतात. दोन माणसे बोळात धडकावीत आणि मग एकत्रच वाट काढावी तशा त्या डावीकडे वळून जातात. संध्याकाळी घाटावर बसलो. तुतवार (चिमुकले, लांब चोचीचे पाणपक्षी) चिखलात टोचत पळत होते आणि पलीकडच्या काठावरून टिटवी बोंबलत होती. रात्रीच्या जेवणाला वकीलसाहेबांनी श्रीखंड केले होते. अगत्य मनापासूनचे होते. पण पाने वाढून झाली, आणि सगळ्या मंडळींसमोर त्यांनी विचारले, "काय हो माधवराव, जपानी लोक फार मारायचे म्हणतात. खरं का?"

माधवने हातातला घास ताटात ठेवला, पाटावरून उठला आणि परसात जाऊन उभा राहिला. वकीलसाहेब ओशाळले, त्यांच्या पत्नीने त्यांच्याकडे रागाने पाहिले, आणि मी सगळ्यांचीच समजूत घालत बसले. त्यात माझेही जेवण राहिले.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात माझा तोल गेला. ऊन चढले होते, टाच ठणकत होती, आणि माधव माझ्यापुढे वीसेक पावलांवर मागे न पाहता चालला होता. मी तिथेच धुळीत बसले आणि ओरडले, "माधव, मला आता होत नाही रे! महिने झाले, तुझ्या तोंडाकडे बघून मी दिवस काढतेय. एक शब्द बोलशील तर काय झिजशील?"

तो परत आला. उन्हात माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "अक्का, तू गाडीत बसून परत जा. मी जाईन एकटा."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. मी उठले, धूळ झटकली आणि चालू लागले. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पाखरांकडेही फारसे पाहिले नाही.

बहे गावाच्या अलीकडे नदी ओलांडायची होती. नाव नव्हती. तिथल्या लोकांनी काहील (उसाचा रस आटवायची मोठी पसरट लोखंडी कढई) पाण्यात लोटली आणि "बसा बाई, भिऊ नगा," म्हणाले. मी भ्याले. काहील पाण्यात गिरकी घेते, आपल्याला जिकडे जायचे तिकडे तोंड ठेवत नाही. मधल्या धारेत मी घाबरून एका बाजूला झुकले, भसकन पाणी आत आले आणि आमच्या शिदोरीच्या भाकऱ्या भिजून गेल्या. काहील वल्हवणारा गडी म्हणाला, "बाई, तुमी मधी बसा. आन् श्वास घ्या. आमी रोज म्हसरं नेतो ह्यातनं." बह्याच्या बेटावर रामलिंगाच्या देवळाच्या ओट्यावर लुगड्याचा पदर वाळवत मी बसले. समोर सुरय पक्षी पाण्यावर तिरपे उतरून मासे टिपत होते, लांब शेपटीचे, पिवळ्या चोचीचे. माधवने भिजलेल्या भाकरीचे तुकडे फडक्यावर उन्हात मांडले. एकही फेकला नाही.

पुढच्या गावाचे नाव मी देणार नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना कारण सांगायला नको. नदीकाठच्या त्या गावांतून तेव्हा भूमिगत मंडळींचा वावर होता. त्यांच्या मागावर सरकारची माणसे फिरत, कुणी कासार होऊन, कुणी बैरागी होऊन. हे मला माहीत होते. पण उन्हाने आणि चालण्याने माझे डोके इतके जड झाले होते की आम्ही कसे दिसतो याचा विचार मनात आला नाही.

दुपारच्या सुमारास एका करंजाच्या सावलीत आम्ही बसलो होतो. पलीकडच्या काठावर शराट्या चरत होत्या, काळ्या, वाकड्या चोचीच्या. माधवने दुर्बीण लावली होती. शराट्यांच्या मागे दाट ऊस होता आणि उसाच्या कडेला एक खोपटे. त्या खोपट्याशी आमचा काही संबंध नव्हता. मागे पाला वाजला म्हणून वळून पाहिले तर चौघेजण उभे होते. त्यांतल्या पटकेवाल्याने, चाळिशीच्या धिप्पाड गड्याने, आधी माधवच्या हातातली दुर्बीण काढून घेतली आणि मग विचारले, "काय बघत व्हता?"

"पाखरं," मी म्हटले.

"पाखरं." त्याने दुर्बीण स्वतःच्या डोळ्याला लावली, पलीकडे पाहिले आणि खाली घेतली. "कुठनं आला?"

"साताऱ्याहून."

"साताऱ्याला पाखरं न्हाईत व्हय?" दुसरा म्हणाला. कुणी हसले नाही.

मी शाळेचे सांगितले, करकोच्यांचे सांगितले. जितके सांगत गेले तितके ते मलाच खोटे वाटू लागले. माधव नुसता उभा होता. त्याला काही विचारले तर तो उत्तर देईना, आणि त्यानेच त्यांचा संशय वाढला. शेवटी पटकेवाला म्हणाला, "बाई, तुमाला हात लावनार न्हाई कुनी. पर थोरली मानसं येस्तवर बसावं लागंल." मळ्यात गुऱ्हाळ चालू होते. त्याच्या शेजारी गुळाच्या ढेपा ठेवायची मातीची खोली होती. त्यांनी आम्हाला तिच्यात बसवले, दार ओढले आणि बाहेरून कडी घातली.

कडीचा आवाज झाला आणि माधव भिंतीकडे गेला. गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणू लागला. आधी वाटले देवाचे नाव घेतो आहे. मग ऐकू आले. "इची, नी, सान, शी." पुन्हा पहिल्यापासून. "इची, नी, सान, शी." मी त्याच्या खांद्याला हात लावला तर तो दचकून आणखीच भिंतीला चिकटला. त्याचे सगळे अंग घामाने भिजले होते आणि दात वाजत होते.

मी दारावर मुठी आपटू लागले. "दार उघडा! अहो, दार उघडा! तो सिंगापूरला कैदेत होता! बंद दारात तो राहू शकत नाही! हवं तर मला ठेवा, त्याला बाहेर काढा!" माझा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर्गातल्या तीस पोरींना धाकात ठेवणारा तो आवाज नव्हता. तो गुरासारखा फुटत होता.

कडी निघाली. पटकेवाला दारात उभा राहिला आणि त्याने माधवला पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "सिंगापूर म्हनला का बाई?"

"हो. जपान्यांनी पकडला होता."

"तानूकाकीला बोलवा रं कुनीतरी," तो मागे वळून म्हणाला. मग त्याने खाली वाकून माधवच्या काखेत हात घातला, "चल गड्या, भाईर बस. दार उघडंच हाय बघ," असे म्हणत त्याला उठवले आणि चुलवणापासून (गुऱ्हाळाच्या भट्टीपासून) जरा लांब, आंब्याखाली आणून बसवले. कुणीतरी पाणी दिले. माधवच्या हातातून तांब्या निसटला, तर त्या गड्याने दुसरा भरून आणून स्वतः धरला.

तानूबाई आल्या त्या तशाच शेणाचे हात घेऊन आल्या. उंच, वाळलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या माधवच्या पुढ्यात मातीत बसल्या.

"तू सिंगापूरला व्हतास?"

"होतो."

"माझा किसन व्हता तितं. पलटनीत. डाव्या भिवईवर वन हाय, बैलानं शिंग मारल्यालं." त्यांनी आपल्या भिवईवर बोट ठेवून दाखवले. "बघितलास कवा?"

माधवने डोळे मिटले. काहिलीतला रस रटरटत होता तेवढाच आवाज. तो आठवू पाहत होता, हे त्याच्या कपाळावर दिसत होते. "नाही, मावशी," तो शेवटी म्हणाला. "आठवत नाही. आम्ही फार जण होतो. मग वेगवेगळ्या बेटांवर पांगवलं."

तानूबाई रडल्या नाहीत. त्यांनी हात लुगड्याला पुसले आणि नीट मांडी घातली. "मग तुझं सांग. तितं काय व्हतं त्ये सांग. समदी मला म्हनत्यात, येईल, येईल. काय खाईत आसंल, कुठं निजत आसंल, ह्ये कुनी सांगत न्हाई. तू सांग."

आणि माधव सांगू लागला. आधी अडखळत, मग सलग. जहाजाच्या तळाशी कसे कोंबले होते, त्यात पाणी कसे वाटायचे. बेटावर पाऊस कसा आठवडाभर थांबत नसे. विमानांसाठी जमीन सपाट करायला माती वाहायची. गोण्यांची लंगोटी करून नेसायची. भात करवंटीने मोजून द्यायचे, आणि वाटणारा बोट फिरवून वरचे दाणे परत पातेल्यात पाडायचा, म्हणून सगळ्यांची नजर त्याच्या बोटाकडे. रताळ्याचा पाला उकडून खायचा. सकाळी रांगेत उभे करून जपानी भाषेत आकडे मोजायला लावायचे, चुकला की मार. शेजारी झोपलेला सकाळी उठला नाही की पुढचे आकडे बदलायचे.

"पाऊस आपल्यावानीच व्हता?" तानूबाईंनी विचारले.

"आपल्यासारखाच. पण वास वेगळा."

"आन् घरची आठवन काडायचा का रं तुमी?"

"जेवणाची काढायचो. रोज रात्री एकेकानं सांगायचं, आपली आई काय करायची ते. कुणी थालीपीठ, कुणी मासवडी."

मी झाडाच्या पलीकडे बसून ऐकत होते. यातला एक शब्द मला ठाऊक नव्हता. खोटे कशाला सांगू, पहिल्यांदा मला राग आला. इतके महिने मी त्याच्यासाठी जागले, आणि हे सारे एका परक्या बाईच्या पुढ्यात! मग लक्षात आले की मी त्याला जेव म्हटले होते, झोप म्हटले होते, विसर म्हटले होते. सांग असे म्हणण्याइतके बळ माझ्यात नव्हते. या बाईत होते, कारण तिला ते हवेच होते.

सावल्या लांबल्या. गुऱ्हाळावरचे गडी काम टाकून भोवती उभे राहिले होते. तानूबाईंनी शेवटी विचारले, "माजा किसन जित्ता आसंल का?"

पटकेवाल्याने मान खाली घातली. मला वाटले, आता माधव हो म्हणेल. माणूस हो म्हणूनच मोकळा होतो.

"मला माहीत नाही, मावशी," माधव म्हणाला. "जे यायचे ते बहुतेक आले. काही अजून इस्पितळांत आहेत असं ऐकतो. पण मेलेही खूप. पुण्याला पलटणीच्या कचेरीत विचारायला हवं."

"दोनदा गेलं आमचं मालक. सायेब जेवाया गेलाय म्हनले." तानूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "खोटं बोलला न्हाईस. बरं केलंस." मग एकदम मोठ्याने गड्यांवर ओरडल्या, "काय बगताय रं उबं ऱ्हाऊन? बाईचं तोंड बगा कसं झालंय. काकवी काडा!"

चुलवणाच्या निखाऱ्यावर शेकलेली भाकरी आणि तिच्यावर ओतलेली गरम, मधासारखी काकवी मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली. माधव तानूबाईंच्या शेजारी बसून जेवला. किती जेवला ते मी पाहिले नाही, मुद्दामच पाहिले नाही. पटकेवाल्याने दुर्बीण फडक्याने पुसून माझ्या हातात दिली. "राग धरू नगा बाई. दुर्बीनवाला मानूस हिकडं चांगल्या कामाला येत न्हाई." मग थोडा घुटमळला. "त्या काळ्या पाखरांस्नी आमी आवकाळी म्हनतो. काय बघन्यासारकं हाय त्यात, मला काय कळलं न्हाई." दिवस मावळायच्या आत त्याने आम्हाला आपल्या बैलगाडीत घालून भिलवडीच्या वाटेला लावले.

भिलवडीच्या खालच्या वाळवंटात आम्ही सकाळी पोचलो. तिथे एकही करकोचा नव्हता. ओल्या वाळूत तीन बोटांच्या ठशांची दाटी होती, विष्ठेचे पांढरे शिंतोडे होते, काही राखी पिसे होती. जाळे विणत बसलेल्या एका भोयाला विचारले. "परवा उन्हं तापल्यावर उठली," तो म्हणाला. "गोल गोल वर चढली, घार चढती तशी. मग तिकडं." त्याने उत्तरेकडे हात केला. "आता पाऊस सरल्यावर."

मी वाळूतच बसले. एवढे चालून, एवढे सोसून दोन दिवसांनी चुकलो होतो. माधवकडे पाहायचा धीर होईना. तो पाण्याच्या कडेला जाऊन त्या ठशांवरून नजर फिरवत उभा होता.

"गेले," तो म्हणाला. "वेळेवर गेले, अक्का. बरं झालं."

आणि तो माझ्या शेजारी येऊन बसला. सकाळभर आम्ही तिथे होतो. सुरयांनी वाळूत घरटी उकरायला घेतली होती. नुसते पोटाने केलेले खळगे. नर चोचीत मासा आणून मादीपुढे धरायचा, ती मान फिरवायची, तो पुन्हा उडायचा. पलीकडे पाण्यात एक सुसर ओंडक्यासारखी पडली होती. माधव मला काय दिसते ते सांगत होता. साधेच बोलणे, "तो बघ, त्याचा मासा पडला," अशासारखे. मी हं हं म्हणत होते. खरे म्हणजे माझे डोळे मिटत होते.

सांगलीला आम्ही एक दिवस काढला. गणपतीला गेलो, घाटावर बसून शेंगदाणे खाल्ले, माझ्यासाठी मऊ तळाच्या वहाणा घेतल्या. तिथल्या एका बाईने विचारले, कुठून आलात, आणि माधवनेच सगळे सांगितले. मग मिरजेहून पुण्याची गाडी धरली. तिकिटे त्याने काढली. बाकाच्या कोपऱ्यात बसताच मला झोप लागली. गाढ, काही ऐकू न येणारी. कऱ्हाड, मसूर, रहिमतपूर कधी गेले ते मला ठाऊक नाही. जागी झाले तेव्हा माझ्या डोक्याखाली त्याचा कोट होता आणि तो माझा खांदा हलवत होता.

"अक्का, सातारा रोड आलं. उतर."

मी गडबडीने गाठोडी घेतली. त्याने ती खाली फलाटावर ठेवली आणि स्वतः पुन्हा डब्यात चढला.

"अरे, उतर ना! गाडी सुटेल."

"मी पुण्याला जातोय. तिकीट पुण्याचंच काढलंय." तो खिडकीतून वाकला. "किसनची चौकशी करतो. मला तिथली कचेरी माहीत आहे. साहेब जेवून येईपर्यंत मी बसेन."

"आईला काय सांगू?"

त्याने काहीतरी म्हटले, पण शिट्टी झाली आणि ते ऐकू आले नाही. गाडी गेली. फलाटावर मी आणि दोन गाठोडी.

त्या चौकशीतून काय निघाले ते इथेच सांगते. किसन एका बेटावर तापाने गेला होता. माधव पुण्याहून घरी न येता आधी त्या गावी गेला, तानूबाईंना स्वतः सांगितले आणि त्यांच्या घरी दिवसकार्य होईपर्यंत राहिला. परत आल्यावर तो बरा झाला असे मी म्हणणार नाही. अजूनही दार उघडेच लागते. पण तो मधूनमधून पुण्याला जातो, कुणाकुणाची विचारपूस करून येतो.

त्या दिवशी मात्र यातले मला काहीच ठाऊक नव्हते. कोळशाच्या गॅसवर चालणारी साताऱ्याची मोटार चढाला धापा टाकत होती आणि मी मनाशी म्हणत होते, भावाला घेऊन निघाले आणि त्याला वाटेत सोडून आले. तरी मला भीती वाटत नव्हती. इतकी दमले होते की भीतीलाही जागा नव्हती म्हणा, किंवा त्याने तिकीट स्वतः काढले होते म्हणून म्हणा. प्रवासात आपण काय पाहिले हे घरी आल्यावर लोक विचारतात. या प्रवासात मी जे ठरवून निघाले होते ते पाहिले नाही, आणि जे पाहिले ते दुर्बिणीतून दिसण्याजोगे नव्हते.

आई दारातच उभी होती. माझ्या मागे तिने रस्त्याकडे पाहिले. "माधव कुठाय?"

"पुण्याला गेलाय. कामाला," मी म्हटले आणि उंबऱ्यातच बसले. "सगळं सांगते आई. पण आधी मला पाणी तापवून दे. पाय फार दुखताहेत."

आई आत वळली, आणि चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला.